आयुर्वेदिक औषधाची कसोटी : एक अभ्यासटिपण

आपल्या बाह्यरुग्ण विभागात गुडघेदुखीचे रुग्ण बारमाही येतात. तथापि साखर कारखान्यांचा हंगाम संपून ऊसतोड कुटुंबे आष्टी तालुक्यात परतली की त्यांत विशेष भर पडते. अशा रुग्णास आयुर्वेदिक औषध दिले व महिनाभरात दुखणे उतरले, तर श्रेय कोणाचे? औषधाचे, की कोयता खाली ठेवल्याने लाभलेल्या विश्रांतीचे? देणगीदारांचा पैसा औषधावर खर्ची टाकण्यापूर्वी याचे उत्तर मिळणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. परंतु पावतीविना खर्च मंजूर करू नये, एवढे त्यासही कळते.

या दृष्टीने पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांचे कार्य अभ्यसनीय आहे. अश्वगंधा, शल्लकी, सुंठ व हळद यांच्या औषधाची त्यांनी आमवाताच्या १८२ रुग्णांवर १६ आठवडे चाचणी घेतली. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटास औषध, दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषधी मात्रा. कोणास काय मिळाले हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही अज्ञात. निरौषधी मात्रा घेणाऱ्यांनाही बराच आराम पडला! तुलनेचा गट नसता, तर तो सारा गुण औषधाच्या खाती जमा झाला असता.

पुढे गुडघ्याच्या संधिवातावर सुंठ-गुळवेलयुक्त औषधांची तुलना ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी, ४४० रुग्णांवर २४ आठवडे केली गेली (प्रसिद्धी २०१३). आराम तुल्यबळ आढळला. मात्र आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील एसजीपीटी वाढले होते, तेही नमूद केले गेले. मला ही नोंद अधिक मोलाची वाटते.

प्रकृतीनुसार औषध बदलते, हा वैद्यांचा आक्षेप रास्त आहे. कोइमतूर येथील ४३ रुग्णांच्या अभ्यासात (प्रसिद्धी २०११) वैद्यांना तशी मुभा देऊनही दोन्ही बाजूंची गुप्तता राखली गेली.

आष्टीत असा अभ्यास करावयाचा झाल्यास खरी अडचण निराळी आहे. दसऱ्याच्या सुमारास कुटुंबे पुन्हा बाहेर पडतात. अर्ध्यात गळालेला रुग्ण हिशेबातून वगळता येत नाही. बुडीत येणेही वहीत दाखवावेच लागते. म्हणून एप्रिलच्या मध्यास आरंभ केल्यास २४ आठवडे सप्टेंबरअखेर पुरे होतात. दोन्ही गटांतील रुग्ण त्याच आठवड्यांत दाखल केल्यास विश्रांतीचा लाभ उभयतांस सारखाच मिळेल. अभ्यासाची नोंद पहिल्या रुग्णापूर्वीच राष्ट्रीय चाचणी-नोंदवहीत व्हावी. २००७ पासून ती सोय आहे. आणि कळ असह्य झाल्यास वेदनाशामक गोळी कोणास नाकारू नये. किती गोळ्या लागल्या, त्या मात्र मोजाव्यात.