आधी बैठक, मग माइक

गच्चीवरच्या खोलीत तू स्टुडिओ काढतोयस हे ताईकडून कळलं. तुझी यादीही वाचली: चार कंडेन्सर, दोन डायनॅमिक, आठ चॅनलचा इंटरफेस आणि भिंतभर फोम. यादीत खोट नाही, पण तुझ्याकडे वाजवायला येणार कोण, याचा तिच्यात पत्ताच नाही. मिरजेला माझ्या खोलीत भजनी मंडळं यायची, लग्नातले बँडवाले यायचे, हलगीवाले यायचे, अधूनमधून पाठीला गिटार अडकवून कॉलेजची पोरंही यायची. यांतलं कुणीही एकट्यानं वाजवायला शिकलेलं नसतं. एकमेकांच्या हाताकडे, मानेच्या झटक्याकडे बघत ही माणसं वाजवतात. तेव्हा पहिला कानमंत्र हा, आणि बाकीचे सगळे याच्याच पोटातले: त्यांची बैठक मोडू नकोस.

भजनी मंडळ आलं की आधी माइक काढायचेच नाहीत. सतरंजी अंथरायची, चहा द्यायचा आणि म्हणायचं, ‘बुवा, देवळात बसता तसे बसा.’ मग आपण कोपऱ्यात उभं राहून बघायचं. बुवा पेटीमागे बसतात, पखवाजवाला कुठल्या हाताला बसतो, कोरस कुठून उचलला जातो, कोण कुणाकडे बघून तिहाई संपवतो, हे सगळं त्या पाच मिनिटांत कळतं. माइकच्या जागा त्यावरून ठरतात. पखवाजवाल्याला काचेपलीकडे बसवून कानाला हेडफोन लावलास, तर आवाज स्वच्छ येईल आणि भजन मरेल.

खरा त्रास टाळांचा. दहा बाय बाराच्या खोलीत आठ जोड टाळ वाजले की पखवाज गेला, पेटी गेली, बुवांची अक्षरंही गेली. प्रत्येक माइकमध्ये टाळच शिरतो आणि नंतर कुठलीही पट्टी खाली ओढून तो निघत नाही. उपाय सोपा आहे. दोनच जोड वाजू द्यायचे आणि ते टाळकरी दाराच्या उंबऱ्याशी बसवायचे. बुवांच्या तोंडाशी साधा डायनॅमिक माइक, एसएम ५८सारखा, चार बोटांवर धरायचा आणि त्याची पाठ बरोबर टाळांकडे करायची. हा माइक मागून सगळ्यात कमी ऐकतो. उरलेल्या टाळकऱ्यांच्या हातातले टाळ मात्र काढून घेऊ नकोस. हात रिकामे झाले की त्यांचा गळाही बारीक होतो. टाळ हातातच राहू देत, ठेका मांडीवर धरू देत.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात हे तुला माहीत आहे. पंख्याखाली ती सुकते, हलकी होते आणि धूम वर चढतो. तासाभरानं तोच अभंग पुन्हा घेतलास तर दोन टेक जुळणार नाहीत. वाटीत पाणी आणि थोडी भिजलेली कणीक हाताशी ठेव. पंखा तर तसाही बंदच असणार, पण पावसाळी हवा आणि एप्रिलचा उन्हाळा चामड्याला कळतोच.

सुराबद्दल एक. पट्टी कोणती ते आधी विचार, काळी एक की काळी दोन, ते वहीत टिप. जुन्या पेटीचे सूर बहुधा ट्यूनरच्या ४४०शी तंतोतंत जुळत नाहीत. मागाहून कीबोर्ड किंवा बासरी चढवायची असेल, तर कीबोर्ड पेटीला मिळव, पेटीला नावं ठेवत बसू नकोस. बहुतेक कीबोर्डांत बारीक सूर वरखाली करायची सोय असते, ती याचसाठी. आणि कान तयार करायचा असेल तर मिरजेला ये. सतारमेकरांच्या दुकानात बसून तंबोऱ्याची जवारी काढताना ऐक. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आहेच. पण घोडीवर कानस फिरवत कारागीर मध्येच थांबतो, तार छेडतो आणि पुन्हा घासायला लागतो, ते बघण्यानं जे कळतं ते कुठल्या प्लगइनच्या माहितीपुस्तिकेत नाही.

भजनाला क्लिक ट्रॅक लावायचा नाही. अभंग ठायीत सुरू होतो आणि गजरापर्यंत लय चढत जाते. ती चढण्यासाठीच असते. तिला यंत्राच्या टकटकीला बांधणं म्हणजे बैलाला घाण्याला जुंपून शर्यतीत पळवणं. लय चढती असल्यामुळे दोन टेक मधोमध जोडायलाही जाऊ नकोस. जोड घ्यायचाच तर चरण संपून धृपद येतं तिथे, आणि तोही लगेच पाठोपाठ घेतलेल्या टेकमधून. आवाजाची पातळी ठरवताना पहिल्या ओळीवर विसंबू नकोस. बुवांना म्हण, ‘शेवटचा गजर जरा म्हणून दाखवा.’ सुरुवातीच्या दुप्पट आवाज तिथे असतो. २४ बिटवर घेत असशील तर सरासरी उणे १८च्या आसपास ठेव, टोकं उणे सहाच्या खाली. लाल दिवा दाखवून शूरपणा करायचे दिवस टेपबरोबर गेले.

टेपवरून आठवलं. चार ट्रॅकचं कॅसेटवरचं यंत्र, टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ, १९७९ साली पहिल्यांदा बाजारात आलं. आमच्या हाताला ते बरंच उशिरा लागलं. चारही ट्रॅक एकाच दिशेला जात, म्हणून कॅसेट उलटायची सोय नव्हती. वर दुप्पट वेगानं चालवली की साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटं मावत. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय नाही, हे वाजवायच्या आधी ठरायचं. तुझ्याकडे ट्रॅक अमर्याद आहेत, म्हणून निर्णय पुढे ढकलू नकोस. मंडळ घरी गेल्यावर बारा टेकमधून निवडत बसण्यापेक्षा, ते समोर असतानाच ‘हा घेतला’ म्हण.

बँडवाल्यांचं गणित निराळं. लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला सवड नसते, भाद्रपदात गणपती. ते मोकळे असतात आषाढात, आणि आषाढात पत्र्यावर पाऊस वाजतो. तेव्हा तुझ्या गच्चीवर पत्रा असेल तर आधी त्याचं काही तरी कर. शिवाय ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम, साइड ड्रम आणि ढोल ही फौज तुझ्या खोलीत मावायची नाही आणि मावली तरी वाजायची नाही. ही माणसं रस्त्यावर, उघड्यावर वाजवणारी. रिकामं मंगल कार्यालय आषाढात स्वस्तात मिळतं. तिथे त्यांना अर्धगोल उभं कर, दहा फुटांवर डोक्याच्या उंचीला दोन माइक लाव आणि मिक्सिंग माणसं हलवून कर: ढोल मागे, ट्रम्पेटचं तोंड थोडं बाजूला, क्लॅरिनेटवाले मास्तर दोन पावलं पुढे. दोन माइकांवर केलेलं असं रेकॉर्डिंग सोळा माइकांपेक्षा चांगलं वाजतं, हे माझं ठाम मत आहे. सूर मिळवायचा तो दोन गाणी वाजवून झाल्यावर. फुंकीनं नळीतली हवा तापली की ही वाद्यं चढतात, थंड असताना मिळवलेला सूर टिकत नाही.

हलगीचं याच्या उलट. तिला ऊब बाहेरून द्यावी लागते. हलगी, घुमकं आणि कैताळ आले की खाली अंगणात पाचट किंवा जुने कागद पेटवायची तयारी ठेव. चामडं तापलं की हलगी कडक बोलते आणि निवत गेली की उतरते. म्हणून माइक, पातळी, बसायच्या जागा सगळं आधी ठरवून ठेवायचं आणि हलगी जाळावरून उचलली की लगेच बटण दाबायचं. माइक चार-पाच हात लांब. जवळ लावलास तर काडीचा फटकाच येतो, हलगीचा नाद येत नाही.

कॉलेजची पोरं ड्रमसेट घेऊन आली तर घाबरू नकोस. बास ड्रमला एक माइक आणि वर दोन, एवढ्यात काम होतं. वरच्या दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर सुतळीनं मोज, दोन्ही बाजूंना सारखंच हवं. नाहीतर स्नेअर एका कानात आधी आणि दुसऱ्यात मागाहून पोचतो आणि पोकळ वाटतो. गिटारचा अँप्लिफायर मोरीत ठेव, दार ओढून घे, पण वाजवणारा ड्रमवाल्यासमोरच राहू दे. ती मोरी पुढेही कामाची आहे. रात्री तिथे स्पीकर ठेवून कोरडा आवाज वाजवायचा आणि दुसऱ्या माइकनं उचलायचा. फरशीच्या मोरीतला घुमारा बायकांच्या कोरसला फार छान लागतो.

आता खोली. दहा बाय दहाची चौरस खोली सगळ्यात वाईट, कारण दोन्ही बाजूंच्या भिंती छप्पन हर्ट्झच्या आसपास एकाच सुराला घुमवतात. तुझी दहा बाय बाराची त्यातल्या त्यात बरी. अंड्याचे ट्रे चिकटवू नकोस. त्यानं शेजाऱ्यांचा आवाज थांबत नाही आणि बासही आवरत नाही, फक्त खोली भकास दिसते. आजीच्या जाड गोधड्या भिंतीपासून वीतभर सुट्या टांग, कोपऱ्यांत रॉकवूलचे गठ्ठे कापडात बांधून उभे कर. कोपऱ्यातच बास साठतो. फोमचे पैसे वाचव आणि ते अर्थिंगवर घाल. मीठ-कोळसा घातलेला स्वतंत्र अर्थचा खड्डा, आणि सगळी यंत्रं त्याच एका बोर्डावर. पन्नास हर्ट्झची गुणगुण आली म्हणून प्लगची तिसरी पिन काढणारे महाभाग आहेत. गाणाऱ्याचा ओठ धातूच्या माइकला लागतो हे त्यांना आठवत नाही. गुणगुण आलीच तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघ, मग पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद कर. फ्रिज बंद करशील तेव्हा गाडीची किल्ली त्यातच ठेव, म्हणजे बाहेर पडताना तो चालू करायची आठवण राहील. शेजारची पाण्याची मोटर कधी लागते, कुकरच्या शिट्ट्या कधी होतात याचं वेळापत्रक करून भिंतीला लाव. माझ्याकडे रेल्वेचं होतं. मिरज जंक्शन असल्यावर दुसरा इलाज नव्हता.

जेवण रेकॉर्डिंगनंतर. पांढरा-तांबडा ओरपून आलेला ट्रम्पेटवाला दोन ओळींत बसतो.

पैसे तासावर घेऊ नकोस, गाण्यावर घे. भिंतीवरचं घड्याळ फिरतंय हे कळलं की बुवा चरण गाळतात आणि पखवाजवाला घाई करतो. निम्मी रक्कम आधी, हे मात्र कुणालाही, अगदी नातलगालाही चुकवू नकोस.

आणि शेवटचं, जे तुझ्या पिढीला मी सगळ्यात निक्षून सांगेन. प्रत्येक रेकॉर्डिंगची नोंद वहीत हवी: तारीख, पट्टी, रचना कुणाची, चाल कुणाची किंवा पारंपरिक, आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव. टाळकऱ्यांसकट. १९५७च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षं चालतो, आणि १९९४च्या दुरुस्तीनंतर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचाही स्वतंत्र हक्क त्यात आला आहे. इंटरनेटवर चढवण्याआधी त्यांची लेखी परवानगी घे; मंडळातले दोघे पुढे भांडले तर तोच कागद कामाला येतो. फाइल तीन ठिकाणी ठेव, त्यातली एक घराबाहेर. आणि गाणी तयार झाली की प्रत एकट्या बुवांना देऊन मोकळा होऊ नकोस. जितके सतरंजीवर बसले होते, तितक्या प्रती दे.