दिव्याचा ताप, तेलाचा उतारा

2009 साली अमेरिकेत ‘हायड्रालक्स-4’ नावाचा एक एलईडी बल्ब विक्रीला आला. त्याच्या काचेच्या गोळ्यात हवेऐवजी पॅराफिन तेल होतं आणि एलईडी त्या तेलात बुडालेले होते. दोन वर्षांनी सॅन होजेच्या ‘स्विच लायटिंग’ कंपनीने द्रवरूप सिलिकोन भरलेला बल्ब जाहीर केला. जुन्या 60 आणि 75 वॅटच्या बल्बची जागा तो घेणार होता. दिसायला देखणा, पण हातात घेतला की चांगलाच जड. 2014 मध्ये ती कंपनी बंद पडली.

कल्पना मात्र मरत नाही. एलईडी थंड ठेवायला तेल किंवा पाणी वापरावं, असं अधूनमधून कुणाला तरी नव्याने सुचतंच. पुण्यातल्या एका हार्मोनियमच्या मास्तरांनाही ते सुचलं.

मास्तर धड्यांचे व्हिडिओ करतात. त्यासाठी त्यांनी तपकीर गल्लीतून 100 वॅटची सीओबी आणली: बोटाच्या दोन पेरांएवढी चौकोनी पट्टी, वर पिवळा थर, त्याखाली शंभर बारीक चिपा. प्रकाश झकास. पण तिच्या हीटसिंकवरचा पंखा असा घोंघावायचा की स्वर लागण्याआधी माइकमध्ये पंखाच ऐकू यायचा. पंखा नको म्हणून मास्तरांनी औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिनच्या बाटल्या आणल्या, काचेच्या बरणीत ते तेल ओतलं आणि सीओबी त्यात बुडवली. तेल वीज वाहून नेत नाही, त्यामुळे शॉर्टसर्किटची भीती नव्हती. खोलीत शांतता पसरली आणि मास्तर खूश झाले.

काही आठवड्यांनी पिवळा थर एका कोपऱ्यात फुगला. मग चिपांची एक ओळ विझली, पाठोपाठ दुसरी. ती सीओबी मी नंतर भिंगाखाली पाहिली. थर कडेच्या चौकटीपासून सुटून वर आला होता, फुगून आलेल्या पापडासारखा, आणि आतल्या केसाहून बारीक तारांपैकी काही तुटलेल्या स्पष्ट दिसत होत्या. तो पिवळा थर म्हणजे सिलिकोन रबर आणि त्यात मिसळलेला फॉस्फर. सिलिकोन रबर खनिज तेल पिऊन फुगतं. फुगलं की त्यात रुतलेल्या तारा ओढल्या जातात. म्हणजे मास्तरांची सीओबी निव्वळ उष्णतेने गेली नाही. ज्या तेलाने तिला वाचवायचं, त्या तेलानेही तिचा घास घेतला. पातळ सिलिकोन तेल वापरलं असतं तरी फार फरक पडला नसता, कारण सिलिकोन रबर तेही पितं. उघडा पिवळा थर कोणत्याही तेलात बुडवायचा नाही, एवढं या बरणीतून पक्कं शिकता येतं.

एलईडी तापतो, हेच अजून अनेकांना पटत नाही. जुना पिवळा बल्ब आपली बहुतेक उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने समोर फेकून मोकळा व्हायचा. एलईडीच्या उजेडात ती धग नसते, म्हणून हात पुढे धरला तर काही जाणवत नाही. त्याची उष्णता मागे, चिपेतच साठते. शंभर वॅटच्या सीओबीत साधारण साठ ते सत्तर वॅटची उष्णताच होते, आणि तिला बाहेर पडायची वाट एकच: चिपेच्या पाठीतून, धातूतून, शेवटी हवेत. ही वाट अडली की चिप अंधूक होत जाते. प्रकाश मूळच्या 70 टक्क्यांवर आला की दिव्याचं आयुष्य संपलं, असं उत्पादक धरतात. घरगुती बल्ब तर बहुधा त्याआधीच जातात, कारण त्यांच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर शिजतो. त्याच्याभोवतीचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य सुमारे निम्मं होतं. बंद काचेच्या झुंबरात लावलेला चांगल्या कंपनीचा बल्बही वर्षभरात का जातो, याचं उत्तर यात आहे.

मग तेल नेमकं करतं काय? तेल उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतं. तिचा निकाल लावत नाही. हायड्रालक्सच्या तेलाने चिपेची उष्णता काचेपर्यंत नेली. काचेपुढे हवाच होती. 60 मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याचा पृष्ठभाग भरतो सुमारे 113 चौरस सेंटिमीटर. स्थिर हवेत एवढा पृष्ठभाग, खोलीपेक्षा जितके अंश जास्त तापेल त्या प्रत्येक अंशामागे, ढोबळमानाने एक दशांश वॅट बाहेर टाकतो. तीन वॅट उष्णता टाकायची तर काच खोलीपेक्षा पंचवीस-तीस अंश गरम राहते. सहा वॅट टाकायची तर पन्नास-साठ अंश. हायड्रालक्स चार वॅटचा होता, यात नवल नाही. त्यात तेल तापलं की फुगतं. पन्नास अंशांच्या फरकाला खनिज तेलाचं आकारमान तीन-चार टक्क्यांनी वाढतं, आणि सीलबंद काचेला ती वाढ सामावून घेण्याची सोय लागते. एवढा सगळा खटाटोप केला, की बल्बची किंमत वाढणारच.

भारतात जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने एलईडी बल्ब घरोघर पोचवले ते कमी किमतीच्या जोरावर. त्या भावाशी तेलाच्या बल्बची स्पर्धा होणं शक्यच नव्हतं.

टिकला तो वायू. बाजारात जुन्या बल्बसारखे दिसणारे ‘फिलामेंट एलईडी’ मिळतात, त्यांच्या काचेत सहसा हेलियम भरलेला असतो. हेलियम उष्णता हवेच्या जवळपास सहापट चांगली वाहतो, गळत नाही तोवर गुपचूप काम करतो, आणि त्याला ना वजन ना डाग. माझ्या मते घरच्या बल्बपुरता हा प्रश्न तिथेच सुटला. ज्याला घरात शोभेचा दिवा हवा त्याने तो घ्यावा, काचेला तडा गेला तर टाकून द्यावा, आणि तेलाच्या नादी लागू नये.

मोठ्या दिव्याची गोष्ट वेगळी. मास्तरांचा दुसरा बेत होता सीओबी तांब्याच्या ब्लॉकवर बसवून, ब्लॉकमधून बादलीतलं पाणी फिरवण्याचा. हिशेब करून पाहिला. पाच लिटर पाणी 65 ते 70 वॅटला साधारण पाच मिनिटांत एक अंश तापतं, तासाभरात बारा अंश. दोन-तीन तासांचं रेकॉर्डिंग असेल तर उन्हाळ्यात बादली पन्नाशी गाठते. म्हणजे बादलीने उष्णतेचा प्रश्न सुटत नाही, फक्त लांबतो. पाण्यानंतर रेडिएटर हवाच, आणि रेडिएटरला वारा हवा. इथेच पाण्याचा खरा फायदा दिसतो: रेडिएटर आणि त्याचा पंखा दुसरीकडे ठेवता येतात. मास्तरांनी ते गॅलरीत नेले, नळ्या खिडकीतून आत घेतल्या, पंप स्पंजवर ठेवला. आता माइकला पंखा ऐकू येत नाही.

कुणाला असंच करायचं असेल तर काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मोठा पंप घेऊ नका. मिनिटाला एक लिटर पाणी 70 वॅट उष्णता उचलताना जेमतेम एक अंशाने तापतं; त्याहून जोरात फिरवून हाती फक्त आवाज लागतो. खरी अडचण सीओबी आणि तांबं यांच्यामधल्या सांध्यात असते. पृष्ठभाग सपाट हवा, मधल्या थर्मल पेस्टचा थर पातळ हवा आणि चारही स्क्रू सारखे आवळलेले हवेत. दाबून पेस्ट थापली म्हणजे उष्णता जास्त जाते, हा गैरसमज आहे. पाणी नळाचं नको, बोअरचं तर मुळीच नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीचा कूलंट चालतो. पारदर्शक नळ्यांत उजेड शिरतो आणि शेवाळ धरतं, म्हणून काळ्या नळ्या घ्याव्यात. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पाण्यात बर्फ टाकायची हौस पावसाळ्यात तरी आवरा, ब्लॉकला घाम फुटतो आणि तो थेट तारांवर येतो.

पंप बंद पडला तर? सीओबीला तापायला फार वेळ लागत नाही. म्हणून ब्लॉकवर ‘केएसडी-301’ जातीचा, साठ-सत्तर अंशांना तुटणारा थर्मल स्विच स्क्रूने बसवावा आणि ड्रायव्हरची वीज त्याच्यातून न्यावी. हा स्विच स्वस्त असतो आणि तो टाळण्याचं एकही कारण मला सापडलेलं नाही.

ज्यांना आवाजाची एवढी अडचण नाही, त्यांना पाण्याच्या नळ्यांची गरजच नाही. संगणकाच्या प्रोसेसरवरचा हीट पाइपवाला कूलर 100 वॅटची सीओबी सहज सांभाळतो. त्याच्या तांब्याच्या नळ्यांतही थोडं पाणी असतं, कमी दाबाखाली. ते गरम टोकाला उकळतं, थंड टोकाला गार होतं आणि आतल्या जाळीतून परत येतं. पंप नाही, गळायला सांधा नाही. 1963 मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी चालवून दाखवली, आणि आज ती लॅपटॉपमध्येही सापडते. वर मोठा, सावकाश फिरणारा पंखा लावला की काम भागतं.

एक गोष्ट मात्र कुठलाही ब्लॉक हातात घेण्यापूर्वी तपासा. बाजारात स्वस्त फ्लडलाइटमध्ये आणि बल्बमध्ये डीओबी प्लेट असते. तिच्यावरच ड्रायव्हर असतो आणि तिच्या एलईडीपर्यंत घरातले 230 व्होल्ट थेट पोचलेले असतात. मास्तरांची सीओबी तीस-बत्तीस व्होल्टवर, विलग ड्रायव्हरवर चालते, म्हणून तिच्याजवळ पाणी चाललं. डीओबी प्लेटशी पाण्याचा संबंध येता कामा नये. पॅकिंगवर काही लिहिलेलं नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवा, आणि तुमच्या ओळखीतला कुणी असली प्लेट ओल्या ब्लॉकवर बसवायला निघाला असेल, तर त्याला आजच फोन करा.