दुसऱ्याचा चेहरा वाचणे : स्त्री आणि पुरुष

अकोल्याच्या बाजारात कापूस विकून आलेला बाप ओट्यावर वहाणा काढतो, तोवरच मायला भाव काय मिळाला ते कळलेले असते. मुलाने विचारले तर बाप म्हणतो, "काही नाही, थकलो." मुलाचे तेवढ्यावर समाधान होते. आपल्या वऱ्हाडात हे घरोघरचे दृश्य आहे. यावरून, दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची स्त्रीला उपजत देणगी असते, असा समज रूढ झालेला आहे. तो कितपत खरा, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

फरक आहे, हे प्रथम मान्य करावे लागेल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ हॉल यांनी १९७८ मध्ये ७५ अभ्यासांचा आढावा घेतला. चेहरा, हावभाव व आवाज यांवरून भावना ओळखण्यात स्त्रिया सरासरीने पुढे असल्याचे त्यात दिसून आले. केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन यांच्या चाचणीत फक्त डोळ्यांची ३६ छायाचित्रे दाखवून त्या व्यक्तीची मनःस्थिती ओळखावयास सांगतात. ५७ देशांतील सुमारे तीन लाख लोकांनी ती दिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ३६ देशांत स्त्रिया पुढे होत्या, २१ देशांत दोघे बरोबरीचे होते. पुरुष पुढे असलेला देश एकही नव्हता.

परंतु विद्यार्थी मित्रांनी 'सरासरी' हा शब्द ध्यानात ठेवावा. हा फरक लहान आहे; कित्येक पुरुष कित्येक स्त्रियांहून सरस ठरतात.

खरा प्रश्न आहे तो फरकाच्या कारणाचा. १९८५ मध्ये सारा स्नॉडग्रास यांनी जोड्या पाडून एकास प्रमुख व दुसऱ्यास हाताखालचा केले. तेव्हा हाताखालची व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, प्रमुखाचे मन अधिक ओळखू लागली. ज्याची भाकर दुसऱ्याच्या मर्जीवर, तो त्याच्या तोंडाकडे पाहतच राहणार! मालकाची पावले वाजली की सालदाराला त्याचा राग कळतो. ज्यांच्या मागच्या पिढ्या परक्याच्या वाड्यावर राबल्या, त्यांना हे सांगण्यासाठी खरे तर प्रयोगाची गरज नव्हती. घरातील सुनेचेही तेच.

दुसरा प्रयोग क्लाइन आणि हॉजेस यांचा, २००१ चा. समोरच्याची भावना अचूक ओळखल्यास पैसे मिळतील, असे सांगताच पुरुषांची कामगिरी सुधारली व फरक उरला नाही. म्हणजे पुरुषाला दिसत नाही असे नव्हे; तो पाहण्याचे मनावर घेत नाही.

आपल्या भागात हा विषय पुस्तकी नाही. शेतकरी आत्महत्यांनी अमरावती, अकोल्याची किती घरे बसली, ते आपण पाहिले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्य ओळखण्याचे काम दिले. नैराश्य असलेल्यांपैकी शेकडा ४ जण मदत घेत होते, ते प्रमाण शेकडा २७ वर गेले. शिकवून येणारी ही गोष्ट आहे, याला आणखी पुरावा कशाला हवा? २०१५ पासून शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पातही घरोघर जाऊन खचलेला माणूस हेरण्याचे काम आशा ताईंकडे आले.

मात्र ताई दुपारी येतात तेव्हा घरधनी वावरात असतो. सायंकाळी पानठेल्यावर त्याच्या शेजारी बसलेले असतात ते पुरुषच.