ग्रुपवर आलं, वहीत उतरलं का?

पोरी, तासिका तत्त्वावर का होईना, कॉलेजात रुजू झालीस आणि त्याच वर्षी पीएच.डी.लाही नाव नोंदवलंस. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यातून निघून इथवर येणं सोपं नाही. नांदेडच्या विद्यापीठाचं ग्रंथालय गाठायचं म्हटलं तर आजही आपला अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे तुझं निम्मं शिकवणं आणि निम्मं वाचन फोनवरूनच होणार, हे धरून चाल. त्यात कमीपणा काही नाही. फक्त एवढं सांभाळ: फोनवर आलेली गोष्ट मुळापर्यंत नेऊन पडताळायची आणि मग वहीत उतरवायची. जे वहीत उतरलं नाही, ते शिकलो असं धरायचं नाही. पुढचं सगळं याच्याच पोटात आहे.

आधी घरात फोन किती, ते विचार

ग्रुप काढण्याआधी वर्गात एक कागद फिरव. स्वतःचा फोन कोणाकडे आहे, घरात मिळून एकच कोणाकडे आहे आणि तो दिवसा कोणाकडे असतो, रिचार्ज संपला तर किती दिवस बंद राहतो, हे लिहून घे. आपल्याकडे फोन सकाळी बापाबरोबर शेतात जातो आणि दिवेलागणीला घरी येतो. दुपारी टाकलेला अभ्यास त्या पोराला सहा तासांनी दिसतो. म्हणून निरोप संध्याकाळी टाक आणि उत्तराला दोन दिवस दे.

२०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या, तेव्हा राज्याने व्हॉट्सअ‍ॅपवरून अभ्यासमाला पाठवली. नोव्हेंबरपासून ‘स्वाध्याय’ उपक्रमात दर आठवड्याला प्रश्न येऊ लागले. ज्यांच्या घरी फोन होता ती लेकरं अभ्यासाला धरून राहिली. ज्यांच्याकडे नव्हता, ती मागे पडली. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: जे फक्त फोनवर आहे, ते सक्तीचं नाही. सक्तीची सूचना फळ्यावर आणि नोटीस बोर्डावर लागलीच पाहिजे. मोठे व्हिडिओ टाकू नकोस. दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आणि स्वच्छ उजेडात काढलेला पानाचा फोटो कमी डेटात जातो आणि पुन्हा पुन्हा ऐकता-वाचता येतो.

मुलींचे नंबर झाकून ठेव

हे कान देऊन ऐक. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. वर्गाच्या ग्रुपमध्ये साठ जण असले, तर एका मुलीचा नंबर एका झटक्यात बाकीच्या एकोणसाठ फोनांत जातो. त्यातून रात्री-अपरात्री येणारे मेसेज सुरू होतात, मुलगी घरी सांगत नाही, आणि घरी कळलं तर पहिलं तिचंच शिक्षण बंद होतं. आपल्या भागात हा धोका हलक्यात घेऊ नकोस.

सूचनांसाठी चॅनल काढ. त्यात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्टही चालते, पण तो निरोप ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून पहिल्याच तासाला सगळ्यांना नंबर सेव्ह करायला लाव. चर्चेचा ग्रुप लागलाच, तर पाच-सहा जणांचे छोटे गट कर आणि मुलींना आपला गट स्वतः निवडू दे. नावासकट गुण, गैरहजरीच्या याद्या, मुलांचे फोटो ग्रुपवर कधीही टाकू नकोस. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं १८ वर्षांच्या आतली असतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

एका विद्यार्थ्याशी बोलायचं काम निघालं, तर ते कॉलेजात, दिवसाउजेडी. तुला उत्तर द्यायची वेळही ठरवून सगळ्यांना सांग. रात्री नऊनंतर बाई उत्तर देत नाहीत हे एकदा कळलं, की तुलाही झोप लागते आणि त्यांनाही.

उत्तर पाठवू नकोस, प्रश्न पाठव

तयार नोट्स टाकल्या की पोरं डाउनलोड करतात आणि उघडत नाहीत. त्याऐवजी असा प्रश्न टाक, ज्याचं उत्तर गूगलवर नाही, घरात आहे.

आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हळद काढणीच्या दिवसांत विचार: ‘कढईतली हळद शिजली, हे तुमची आजी कशावरून ओळखते?’ जमेल त्याने आजीचा एक मिनिटाचा आवाज टेप करून पाठवायचा, बाकीच्यांनी उत्तर वहीत लिहून आणायचं. कोणी म्हणेल फेस वर येतो आणि पांढरी वाफ सुटते. कोणी म्हणेल वास बदलतो. कोणी म्हणेल काडी टोचून बघायची, सहज आत गेली की झालं. मग वर्गात तीन रकाने आखायचे: खूण, कोणी सांगितली, किती जणींनी सांगितली. त्याच्याशेजारी चौथा रकाना, परभणीच्या कृषी विद्यापीठाची किंवा तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राची शिफारस काय, तो. कुठे जुळलं, कुठे नाही, का नाही, यावर तास रंगतो.

त्याच आठवड्यात रसायनशास्त्राच्या मुलांना हळदीचं पाणी टिपकागदावर लावून वाळवायला सांग. त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की कागद लालसर तपकिरी होतो, लिंबाच्या रसाने पिवळाच राहतो. कागदाचा फोटो आपापल्या गटात येऊ दे, पण निरीक्षण प्रत्येकाच्या वहीत पेनाने लिहिलेलं हवं. ग्रुपचा उपयोग इथेच आहे: एका घरातलं शहाणपण बाकीच्या घरांना दिसतं आणि ताडून बघता येतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, त्यावरून मुलांना गाणी, व्हिडिओ, स्वाध्याय मिळू लागले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे, की पुस्तक हातातच राहिलं आणि फोन त्याला जोडला गेला.

आलेल्या मेसेजचा माग काढ

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागणाऱ्या पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. अफवा फोनवरून फिरत होती. मेसेज पुढे ढकलण्याआधी थांबणं ही सभ्यतेपेक्षा मोठी गोष्ट आहे, हे पोरांना या घटनेसकट सांग. शिक्षकाने पुढे पाठवलेल्या मेसेजला गाव खरं मानतं, हेही ध्यानात ठेव.

माग काढायची रीत सोपी आहे. हे कोणी म्हटलं? कधी म्हटलं? मूळ कुठे छापलं? फोटो असेल तर तो फोटोच गूगलवर टाकून शोध आणि तारीख बघ. ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का दिसला, की आणखी सावध हो. मूळ सापडलं नाही, तर तो मेसेज वर्गात नेऊ नकोस.

याचं चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. अमेरिकेतल्या लायगोला पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला मिळाली. त्याच महिन्यात लॉरेन्स क्राउस या भौतिकशास्त्रज्ञाने ट्विटरवर कुजबुज टाकली, जानेवारीत पुन्हा टाकली. मोठं नाव, म्हणून जगभर चर्चा झाली. पण लायगोचे शास्त्रज्ञ पाच महिने आकडे तपासत राहिले आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला शोधनिबंध छापूनच बोलले. कुजबुज खरी निघाली, तरी विज्ञान ठरलं ते तपासणीनंतरच. पोरांना या दोन तारखा पाठ करायला लाव. मधले पाच महिने म्हणजेच संशोधन.

वाचनासाठी माणसं जोड

आता तुझ्या पीएच.डी.चं. तुझ्या विषयात काम करणारे लोक एक्सवर, फेसबुकवर, रिसर्चगेटवर असतात. मोजके पंधरा-वीस जण निवड आणि त्यांनी कोणते शोधनिबंध वाचले, ते बघ. पोस्टवरून निबंधापर्यंत जा. पोस्टचाच संदर्भ देऊन थांबू नकोस. निबंध विकत घ्यावा लागत असेल, तर लेखकालाच चार ओळी लिही: मी कोण, कुठे, कशावर काम करते, तुमचा कोणता निबंध हवा. बहुतेक लेखक आनंदाने पाठवतात. आधीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचायला मिळतात, तिथून सुरुवात कर, म्हणजे झालेलंच काम पुन्हा होणार नाही.

ऑर्किडचा (ORCID) संशोधकाची ओळख सांगणारा सोळा अंकी क्रमांक आजच काढून घे. लग्नानंतर नाव बदललं, स्पेलिंग बदललं, तरी तुझं काम तुझ्याच नावावर राहतं. आपल्या मुलींना याची गरज जास्त.

झटपट प्रकाशनाच्या जाहिरातींपासून दूर

प्राध्यापकांच्या ग्रुपवर रोज येतं: सात दिवसांत प्रकाशन, आयएसएसएन आहे, प्रमाणपत्र मिळेल, इतके रुपये भरा. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक असतो. दर्जाची खूण नाही. सात दिवसांत कोणी निबंध नीट तपासू शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आता तुझी आणि तुझ्या विद्यापीठाची. संपादकांची नावं त्यांच्या संस्थांच्या संकेतस्थळावर आहेत का, बघ. ‘अमुक ठिकाणी नोंद आहे’ असं नियतकालिक म्हणत असेल, तर ते त्या ठिकाणी स्वतः जाऊन ताड. मागच्या अंकातले दोन निबंध पूर्ण वाच. ते वाचून काही शिकायला मिळालं नाही, तर तिथे आपलंही देऊ नकोस.

चोरीचं तर नावच नको. २०१८ च्या आयोगाच्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण प्रबंधातलं साम्य ६० टक्क्यांवर गेलं तर नोंदणीच रद्द होते. ग्रुपवरून आलेला परिच्छेदही कोणाचा तरी असतोच.

ग्रुपवर नाहीत त्यांनाही मोज

सर्वेक्षणासाठी गूगल फॉर्मची लिंक ग्रुपवर टाकली की दोन दिवसांत शेकडो उत्तरं येतात आणि मन भुलतं. पण ती उत्तरं स्मार्टफोनवाल्यांची, फॉर्म भरायला वेळ असलेल्यांची आणि त्याच ग्रुपमध्ये असलेल्यांची. हळद लावणाऱ्या, बेणं निवडणाऱ्या, शिजवणाऱ्या बाया त्यात नसतात. अशा उत्तरांवर ‘हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे मत’ असं शीर्षक देता येत नाही. दोन गावं निवड, फॉर्म कागदावर छाप आणि बांधावर जा. फोनवरची उत्तरं आणि बांधावरची उत्तरं वेगळी ठेवून तुलना कर. तो फरकच तुझ्या प्रबंधाचं एक चांगलं प्रकरण होईल.

कोणाची फेसबुकवरची पोस्ट प्रबंधात घ्यायची, तर विचारून घे. नाव गाळलं तरी जशीच्या तशी ओळ शोधली की माणूस सापडतो. म्हणून आशय तुझ्या शब्दांत मांड. माणसाने आपल्या लोकांसाठी लिहिलं होतं, तुझ्या प्रबंधासाठी नाही.

आणि मराठीत परत दे

जे शिकशील त्याचा वाटा मराठीत ठेव. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, त्यात आपल्या तालुक्याबद्दल, पिकांबद्दल, जुन्या कामांच्या रीतींबद्दल भर घालायला खूप जागा आहे. तिथे मजकुराला विश्वासार्ह प्रकाशित संदर्भ द्यावा, ही अपेक्षा विद्यार्थ्यांना संदर्भ देण्याची सवय लावायला उत्तम. एका सत्रात एका गटाने एक लेख नीट केला, तरी पुरे.

या आठवड्यात तीनच कामं कर. सोमवारी तो कागद वर्गात फिरव. मंगळवारी सूचनांसाठी चॅनल सुरू कर. शनिवारपर्यंत एक जाड वही घे आणि फोनवर सापडलेल्या प्रत्येक संदर्भाचं मूळ, तारीख आणि लेखक त्यात लिहायला लाग. प्रबंध लिहायला बसशील, तेव्हा निम्मं काम त्या वहीत झालेलं असेल.