मोबाईल आणि कॉम्प्युटर जोडले जात नाहीत? आधी रस्ता ओळखा, मग सेटिंग उघडा



व्हिडिओत हा विषय जरा भरभर झाला, म्हणून तोच इथे सावकाश लिहितोय. व्हिडिओ पाहिला नसेल तरी चालेल. फक्त कॉम्प्युटरसमोर बसा, मोबाईल हातात घ्या आणि वाचता वाचता करून बघा. नुसतं वाचलं तर उद्या विसराल.

आधी एक प्रसंग. जून महिना, ऍडमिशनचे दिवस. दहिवलीतलं छोटं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान, बाहेर आपल्याकडे पडतो तसा धो धो पाऊस. एक ताई मुलाला घेऊन आल्या. दाखल्याचा फोटो मोबाईलमध्ये आणि अर्जाची शेवटची तारीख आजच. मोबाईलचं नेट रडत होतं, म्हणून दुकानदाराने ब्लूटूथ चालू केलं. कॉम्प्युटरचं नाव मोबाईलवर दिसलं, पेअरही झालं. फाईल पाठवली की मात्र 'फेल्ड'. परत पाठवली, परत तेच. मग मोबाईल बंद-चालू, कॉम्प्युटर बंद-चालू, कुठलं तरी ऍप डाउनलोड करायचा प्रयत्न. वीस मिनिटं गेली. ताईंनी छत्री उघडली आणि उल्हास नदीचा पूल ओलांडून त्या कर्जत बाजारात गेल्या.

दुकानदाराचं नुकसान किती? एका प्रिंटचं, असं म्हणाल तर हिशेब चुकला. ते घर आता फॉर्म, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, पुढच्या वर्षीची ऍडमिशन, सगळ्यासाठी पुलापलीकडे जाणार.

मी नंतर तो कॉम्प्युटर बघितला, तेव्हा काहीच बिघडलेलं नव्हतं. एक खिडकी उघडायची राहिली होती, एवढंच. ती कोणती ते पुढे सांगतो.

कोणत्या रस्त्याने पाठवताय?

'वायरलेस' हा शब्द आपण सरसकट वापरतो, आणि तिथेच गोंधळ होतो. मोबाईलमधली फाईल कॉम्प्युटरपर्यंत जायचे रस्ते वेगवेगळे आहेत. ब्लूटूथने गेली तर ती थेट जाते, इंटरनेट लागतच नाही. दोन्ही यंत्रं एकाच राउटरवर असतील तर फाईल त्या राउटरमधून जाते, तेव्हाही इंटरनेट असायलाच हवं असं नाही. व्हॉट्सऍप किंवा ईमेलने पाठवली तर टेबलावरच्या मोबाईलमधून टेबलावरच्याच कॉम्प्युटरमध्ये यायला ती कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरला फेरी मारून येते. आणि हॉटस्पॉट म्हणजे फाईल पाठवणं नाही, मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला देणं आहे.

म्हणून 'कनेक्ट होत नाही' म्हणताना आधी स्वतःला विचारा: कोणता रस्ता? ब्लूटूथ अडलं असताना राउटर बंद-चालू करून काय होणार? मी हे असं करताना लोकांना पाहिलंय, म्हणून सांगतोय.

दुसरं, बिघाड कोणाच्या बाजूला आहे ते अदलाबदल करून शोधा. त्याच कॉम्प्युटरला दुसरा मोबाईल जोडून बघा. जोडला गेला तर दोष पहिल्या मोबाईलकडे. नाही जोडला गेला तर तोच मोबाईल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जण हे सोडून थेट सेटिंगमध्ये घुसतात आणि एका दमात सहा गोष्टी बदलतात. मग चालू झालं तरी कशामुळे ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एका वेळी एकच गोष्ट बदला. काय बदललं ते वहीत लिहा, अगदी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलंत तरी चालेल.

ब्लूटूथ: पेअर होतं, पण फाईल येत नाही

आता ती खिडकी. मोबाईलवरून मोबाईलवर पाठवताना समोरच्याला फक्त 'ऍक्सेप्ट' दाबायचं असतं. विंडोजचं तसं नाही. फाईल पाठवण्याच्या आधी कॉम्प्युटरला सांगावं लागतं की बाबा, फाईल येणार आहे, दार उघडून बस. सेटिंगमध्ये ब्लूटूथच्या पानावर खाली किंवा बाजूला 'सेंड ऑर रिसीव्ह फाइल्स व्हाया ब्लूटूथ' असा पर्याय असतो. विंडोज 11 मध्ये तो 'डिव्हायसेस'च्या आत गेलाय. तो उघडून 'रिसीव्ह फाइल्स' दाबा. 'वेटिंग फॉर अ कनेक्शन' असं दिसलं, की मग मोबाईलवरून पाठवा.

शोधत बसायचं नसेल तर कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटा चौकोन उघडेल. त्यात इंग्रजीत एफ, एस, क्यू, यू, आय, आर, टी ही अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. तीच खिडकी उघडते. रोजचं काम असेल तर तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर काढून ठेवा.

दोन बारकावे आहेत. फाईल आल्यावर ती कुठे ठेवायची हे विचारलं जातं. तिथे 'फिनिश' दाबल्याशिवाय फाईल त्या जागेवर बसत नाही, घाईत खिडकी बंद केलीत तर गेली. आणि ही खिडकी एका खेपेपुरतीच असते. पुढच्या ग्राहकासाठी ती पुन्हा उघडा.

खिडकी उघडूनही जमत नसेल तर जुनी जोडणी दोन्हीकडून काढा. मोबाईलमध्ये 'फरगेट' किंवा 'अनपेअर', कॉम्प्युटरमध्ये 'रिमूव्ह डिव्हाइस'. एकीकडूनच काढली तर एकजण ओळखतो, दुसरा ओळखत नाही आणि भांडण तसंच राहतं. नव्याने पेअर करताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडी नंबर येतो. तो सारखा आहे का ते खरोखर बघा, डोळे झाकून 'येस' दाबू नका.

सेटिंगमध्ये ब्लूटूथचं बटणच दिसत नसेल तर? लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ बहुतेक असतंच. जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा नसतं. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. यादीत ब्लूटूथ हे नावच नसेल तर यंत्रात ते नाही, किंवा त्याचा ड्रायव्हर गेलाय. यूएसबीला लावायचा छोटा डोंगल काहीशे रुपयांत मिळतो. पण तो लावायचा कुठे, यातही गंमत आहे. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि यूएसबी 3.0 च्या उपकरणांतून नेमका त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने 2012 मध्येच याबद्दल लिहून ठेवलंय. म्हणजे बॅकअपची हार्ड डिस्क आणि शेजारच्याच पोर्टमध्ये डोंगल असेल तर ब्लूटूथ तुटत राहणार. डोंगल लांबच्या पोर्टला लावा, किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने हातभर दूर आणा. घरून खाद्यपदार्थांचा धंदा करणाऱ्या ताईंसाठी आणखी एक: मायक्रोवेव्हसुद्धा याच पट्ट्यात काम करतो. ओव्हन चालू झाला की कनेक्शन अडखळत असेल तर तो योगायोग नाही.

डोंगल किंवा लॅपटॉपचं ब्लूटूथ थोड्या वेळाने आपोआप झोपत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर डबल क्लिक करून 'पॉवर मॅनेजमेंट' बघा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी कॉम्प्युटरला दिलेली असते. ती टिक काढा.

आणि आयफोन. ग्राहकाकडे आयफोन असेल आणि तुमचा विंडोज असेल तर ब्लूटूथने फोटो पाठवायचा प्रयत्नच करू नका, आयफोन तसा पाठवत नाही. तिथे ईमेल, व्हॉट्सऍप किंवा केबल.

वेगाचंही भान ठेवा. एक फोटो ठीक आहे, पण 100 एमबीचा व्हिडिओ ब्लूटूथने यायला सात-आठ मिनिटं तरी धरा. ते 'अडकलं' नसतं, हळू चाललेलं असतं. फार्महाऊस, होमस्टेवाल्यांनो, तुमच्या जाहिरातीचे व्हिडिओ या रस्त्याने आणू नका.

हॉटस्पॉट दिसतच नाही, किंवा दिसतो पण नेट चालत नाही

कॉम्प्युटरला तुमचा हॉटस्पॉट दिसत नाही, पण शेजारच्याचं वायफाय दिसतं. अशा वेळी माझा पहिला संशय 5 गिगाहर्ट्झवर. नवे मोबाईल हॉटस्पॉट त्या पट्ट्यात चालवू शकतात, आणि जुन्या लॅपटॉपचं वायफाय फक्त 2.4 समजतं. त्याला तो हॉटस्पॉट दिसणारच नाही. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' असतो, तिथे 2.4 निवडा. काही मोबाईलमध्ये त्याला 'एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी' म्हणतात, आयफोनमध्ये 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी'. तिथेच आणखी एक सेटिंग असतं: काही वेळ कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद. 'सकाळी चालू केला होता, आता का नाही?' याचं उत्तर बहुतेक तेच.

हॉटस्पॉट चालू आहे, पण दुपारी बारालाच दिवसाचा डेटा संपतो? विंडोज मागच्या बाजूला अपडेट ओढत असतं. त्या वायफायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. हे एक बटण मी प्रत्येक बॅचमध्ये सगळ्यांना समोर बसून दाबायला लावतो.

आता एक चकवा. सगळं 'कनेक्टेड' दिसतंय, मोबाईलवर नेट चालतंय, पण कॉम्प्युटरवर व्हॉट्सऍप वेब उघडत नाही, प्रत्येक साइटवर सुरक्षेचा इशारा येतो. कोपऱ्यातली तारीख बघा. कॉम्प्युटर काही वर्षं मागे गेलेला असेल! वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवायला मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, बहुतेक सीआर 2032. जुन्या यंत्रात तो संपलेला असतो. मग लाईट गेली, किंवा रात्री मेन स्विच बंद केला, की तारीख बिघडते. आणि तारीख चुकीची असली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र कॉम्प्युटरला खोटं वाटतं. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. तारीख दुरुस्त करा, काम चालू होईल. सेल बदला, म्हणजे उद्या पुन्हा करावं लागणार नाही.

एकाच वायफायवर असून एकमेकांना दिसत नाहीत

अँड्रॉइड आणि विंडोजसाठी गूगलचं क्विक शेअर चांगलं आहे. आधी त्याचं नाव निअरबाय शेअर होतं, विंडोजसाठी ते 2023 मध्ये आलं आणि 2024 च्या सुरुवातीला सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये विलीन झालं. मोठ्या फाईलींसाठी ब्लूटूथपेक्षा खूपच वेगवान. पण ते चालायला मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही चालू लागतात, आणि 'मी कोणाला दिसू' या ठिकाणी योग्य पर्याय लागतो. फक्त 'युअर डिव्हायसेस' ठेवलं असेल तर ग्राहकाचा मोबाईल तुम्हाला कसा शोधणार?

तरी दिसत नसेल तर बघा: एक यंत्र राउटरच्या मुख्य वायफायवर आणि दुसरं 'गेस्ट'वर तर नाही ना? गेस्ट नेटवर्क मुद्दाम असं बनवलेलं असतं की पाहुण्यांना तुमची यंत्रं दिसू नयेत. हॉटेल आणि रिसॉर्टच्या वायफायवरही हेच होतं, तिथे डोकं आपटून उपयोग नाही. मोबाईलवर व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून बघा.

हा नियम उलटा तुमच्याही कामाचा आहे. ग्राहकाला दुकानाच्या मुख्य वायफायचा पासवर्ड देऊ नका, गेस्टचा द्या. 'मग त्याची फाईल कॉम्प्युटरवर कशी येणार?' असं विचाराल. माझं मत स्पष्ट आहे. येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचा मोबाईल पेअर करत बसणं हा धंद्याचा रस्ता नाही. दुकानासाठी वेगळा व्हॉट्सऍप नंबर ठेवा, फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि प्रिंट धुरकट येते. ब्लूटूथची खिडकी ठेवा ती नेट गेलेल्या दिवसासाठी. टॉवरची रेंज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर ब्लूटूथ चालतं.

आणि प्रिंट दिल्यावर ग्राहकासमोरच फाईल डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही. आधार, दाखले, बँकेची पासबुकं तुमच्या डाउनलोड फोल्डरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहणं ही तुमच्या डोक्यावरची जोखीम आहे, आणि 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही संसदेत मंजूर झालाय. ग्राहकाने स्वतःचं व्हॉट्सऍप वेब तुमच्या कॉम्प्युटरवर उघडलं असेल तर जाण्याआधी त्याच्या मोबाईलवरून 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन लॉगआउट करून द्या. त्याला बहुधा ते माहीत नसतं.

दहा मिनिटांचा नियम

समोर ग्राहक उभा असेल तर दहा मिनिटांपेक्षा जास्त वायरलेसशी झुंजायचं नाही. ड्रॉवरमध्ये केबल ठेवा: एक टाइप-सी, एक मायक्रो-यूएसबी, एक आयफोनची. घेताना डेटा केबल मागा. स्वस्तातल्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतात, मोबाईल चार्ज होतो पण कॉम्प्युटरला दिसत नाही. दुकानातच लावून बघा आणि मगच पैसे द्या. केबल जोडल्यावर अँड्रॉइडच्या नोटिफिकेशनमध्ये 'चार्जिंग' असतं, त्यावर टॅप करून 'फाईल ट्रान्सफर' निवडा. आयफोनवर 'ट्रस्ट' विचारेल, ते ग्राहकालाच दाबू द्या.

वर सांगितलेल्या दुकानदाराने आता त्या खिडकीचा शॉर्टकट डेस्कटॉपवर काढून ठेवलाय आणि मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलीय: 'आधी रिसीव्ह, मग सेंड'.