पोटाचे तीन भाग

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून शेजारच्या लातूरला अध्यापन केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे नेलेली आहारपद्धत आपल्या धाराशिवमध्येही अनेकांच्या परिचयाची आहे. कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, 55 मिनिटांच्या आत जेवायचे. ही पद्धत वेळ बांधून देते. प्रेषितांनी (स.) प्रमाणही बांधून दिले आहे. तिरमिजीतील हजरत मिकदाम (रजि.) यांच्या हदीसचा आशय असा की, पाठ ताठ राहील एवढे घास माणसाला पुरतात, अधिक हवेच असेल तर पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला. म्हणजे एक तृतीयांश ही कमाल मर्यादा झाली, आणि आपण तर तेथून सुरुवात करतो!

खरी पंचाईत दावतीत होते. यजमान बिर्याणी वाढतच राहतो. पाहुणचार सुन्नत आहे, पाहुण्याला अवघडून टाकणे नव्हे. सूरह आराफच्या 31 व्या आयतीत खाण्यापिण्याची परवानगी आणि अतिरेकाची मनाई एकत्रच आली आहे.

सोमवार-गुरुवारचे रोजे अवश्य ठेवावेत. परंतु केवळ वजनासाठी उपाशी राहणे हे पथ्य होय, रोजा नव्हे. नियत अल्लाहसाठी असावी. शिवाय इफ्तारला भज्यांवर तुटून पडणाऱ्यांचे (त्यांत मीही आलो) वजन घटणार कसे? मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. शरीर ही अमानत आहे.

आज रात्री नेहमीपेक्षा एक भाकरी कमी घ्या आणि थोडी भूक उरली असतानाच हात धुवा.