चालता प्रोग्राम मोडू नकोस

खांब, ता. रोहा

चि. नंदूस,


काल वहिनीचा फोन आला. वादळाचा तुझा प्रोग्राम मोडून तू सगळा नव्याने लिहायला घेतलास, रात्र रात्र जागतोस, सरांनाही टाळतोस म्हणे. खरं असेल तर आधी हात थांबव.

प्रोसेसरांना एकमेकांत संदेश पाठवून काम करायला लावणाऱ्या एमपीआयवर एवढा राग का? अडचण कळते मला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, गोठ्याचे पत्रे उडाले, आठवतं ना? वादळ सरकेल तशी तुझी बारीक जाळीही सरकणार. मग काही प्रोसेसरांवर सगळा भार आणि बाकीचे वाट बघत बसलेले. एमपीआयमध्ये नवी वाटणी करून डेटा हलवायचं काम तुझ्यावरच पडतं. ओपनएमपीत डायनॅमिक शेड्यूल लावलं की रिकामा थ्रेड पुढचं काम उचलतो. पण एका नोडच्या मेमरीबाहेर त्याला जाता येत नाही. इलिनॉय विद्यापीठात लक्ष्मीकांत काळे यांनी घडवलेल्या चार्म प्लस प्लसमध्ये प्रोसेसरांपेक्षा कितीतरी जास्त तुकडे पाडतात, आणि रनटाइम भार मोजून ते इकडून तिकडे हलवतो. रेणूंच्या हालचाली मोजणारा एनएएमडी त्यावरच चालतो. आपल्याकडे लावणीला लहान खाचरं असली की माणसं वाटून देणं सोपं जातं, तसंच हे.

पण म्हणून चालता प्रोग्राम मोडायचा? त्याच मंडळींचं अडॅप्टिव्ह एमपीआय आहे. त्यात तुझा एमपीआय प्रोग्राम बराचसा आहे तसा चालेल. ग्लोबल व्हेरिएबल्स तेवढी प्रत्येक रँकसाठी वेगळी करावी लागतील. त्याआधी दर पायरीला सर्वांत जास्त वेळ घेणारा प्रोसेसर आणि सगळ्यांची सरासरी यांचं गुणोत्तर काढ. ते एकच्या आसपास असेल, तर दुखणं वाटणीत नाहीच. तुकडे हलवायलाही वेळ लागतो, तोही हिशेबात धर. न मोजता मोडू नकोस रे.

१९९१ साली पुण्यात परम ८००० तयार झाला, तेव्हा मी उमेदीत होते. ट्रान्सप्युटरांचे दिवस, प्रत्येकाची मेमरी वेगळी, संदेश पाठवल्याशिवाय काही हलायचं नाही. भाऊ, म्हणजे तुझे आजोबा, विचारायचे, “दिवसभर करतेस तरी काय गं?” मी म्हणायचे, “नंतर सांगते.” ते गेले आणि सांगायचं राहून गेलं. त्याची हळहळ अजून जात नाही.

जास्त बोलले असेन. तुझी दोन वर्षं वाया जाताना मला बघवणार नाहीत, म्हणून बोलले. सरांना भेट, त्यांना आकडे दाखव. रात्री झोपत जा. शनिवारी इकडे ये, पण ताम्हिणीतून अंधारात बाईक काढू नकोस. तुझे आलेख घेऊन ये आणि मला सगळं सावकाश समजावून सांग. मला ऐकायचं आहे. प्रोग्राम चालला नाही तरी तू ये.

तुझी,
आत्या